गाइडच संपादक असतील तर?

प्रश्न : माझे पीएचडीचे गाइड ज्या नियतकालिकाचे संपादक आहेत, तिथेच पेपर पाठवला तर चालेल का?
– एक प्राध्यापिका, विरार

उत्तर : पाठवा की, पण नातं लपवू नका. सोबतच्या पत्रात एक वाक्य पुरे : 'संपादक माझे पीएचडीचे मार्गदर्शक होते.' मग सरांनी त्या फाइलला हातही लावायचा नाही. परीक्षक निवडण्यापासून निर्णयापर्यंत सगळं दुसऱ्या संपादकाकडे. परीक्षकांची नावं सुचवायला सांगितली, तर स्टाफरूममधली मैत्रीण नको! वैद्यकीय नियतकालिकांच्या आयसीएमजेई या हितसंबंध जाहीर करण्याच्या फॉर्ममध्ये तर मागच्या ३६ महिन्यांतलं मानधनही लिहावं लागतं. नियतकालिकाचा दर्जाही पाहा : यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी तुमच्या महाविद्यालयावर आहे. आणि सरांच्या नियतकालिकात दुसरा संपादकच नसेल, तर पेपर दुसरीकडे पाठवलेला बरा.