बोर्डाच्या इंग्रजीची तयारी : माझ्या चार चुका

सहावीत या शाळेत आलो, त्या पहिल्याच आठवड्यात हाऊसमधल्या प्रत्येक नव्या कॅडेटने उभे राहून इंग्रजीतून आपली ओळख करून द्यायची होती. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलो. नाव, गाव, आवडता खेळ एवढे मी रात्रभर पाठ केले होते. शेवटचे वाक्य वडिलांविषयी होते आणि ते मला सर्वांत जास्त आवडत होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "माय फादर आर इन द आर्मी."

सगळे हसले. एका सीनियरने विचारले, "तुझे वडील किती आहेत रे?"

ही गोष्ट आता गमतीची वाटते. तेव्हा मात्र मी इंग्रजीच्या तासाला हात वर करायचे सोडून दिले. उत्तर येत असले तरी गप्प बसायचो. न बोलल्याने चूक दिसत नाही, पण ती जातही नाही. नववीच्या वार्षिक परीक्षेत इंग्रजीच्या लेखी पेपरात मला ८० पैकी ३४ गुण मिळाले. गणितात आणि विज्ञानात मी वर्गात पुढे होतो, आणि या एका विषयात कसाबसा काठावर.

यंदा मी दहावीत आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. माझ्यासारखे आणखी कॅडेट असतील, म्हणून मी काय केले ते इथे लिहितो. मी काही इंग्रजीत हुशार झालेलो नाही. चुका कुठून येतात ते मात्र मला आता कळते.

आधी पेपर समजून घेऊ

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीत लेखी ८० आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. लेखीमध्ये उताऱ्यांचे वाचन २०, व्याकरण १०, लेखन १० आणि पाठ्यपुस्तकातले साहित्य ४०. वेळ तीन तास, शिवाय प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटे.

मी नववीत फक्त साहित्याचे प्रश्न पाठ करायचो. पण पाठ केलेले उत्तरसुद्धा शेवटी आपल्या वाक्यांत लिहावे लागते, आणि वाक्यच चुकले तर गुण जातात. म्हणजे व्याकरणाच्या चुका १० गुणांपुरत्या राहत नाहीत. त्या पत्रात शिरतात, उत्तरांत शिरतात.

आणि बोर्डावर हे थांबत नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० गुण असतात. त्यातले ६०० जनरल ॲबिलिटीचे, आणि त्या ६०० मध्ये २०० गुण इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. एनडीएचे स्वप्न बघणाऱ्याने इंग्रजी टाळून चालत नाही.

दोन बाजूंची वही

यंदा आमच्या इंग्रजीच्या सरांनी माझा पेपर बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "हे वाक्य लिहिताना तुझ्या मनात कुठली भाषा होती?"

मी म्हणालो, "सर, मराठी."

सरांची भाषा मल्याळम. त्यांना मराठी येत नाही. ते म्हणाले, "मग ते मराठी वाक्य मला समजावून सांग."

तेव्हापासून माझी एक वही आहे. डाव्या पानावर माझे चुकलेले इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मनातले मराठी वाक्य. उजव्या पानावर बरोबर इंग्रजी वाक्य. दोन महिन्यांत वही अर्धी भरली. तेव्हा लक्षात आले की शंभरेक चुका दिसत असल्या तरी मुळात चारच चुका पुन्हा पुन्हा होत होत्या.

पहिली चूक : आदराचे अनेकवचन

मराठीत आपण "बाबा सैन्यात आहेत" म्हणतो. बाबा एकच, पण क्रियापद अनेकवचनी, कारण आपण त्यांना मान देतो. मी तोच मान इंग्रजीत नेला आणि "आर" म्हणालो. इंग्रजीत क्रियापद माणसे मोजते, मान मोजत नाही. म्हणून "माय फादर इज". कर्नल असोत, प्राचार्य असोत, एकच व्यक्ती असेल तर "इज", "हॅज", "वॉज".

हे सरांना समजावून सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे तू त्या दिवशी वडिलांना सॅल्यूट करत होतास." चार वर्षांनी मला ते वाक्य पहिल्यांदा लाजिरवाणे वाटले नाही. माझा हरियाणाचा मित्र शेजारीच होता. तो म्हणाला, "अरे, हिंदीतही पिताजी 'हैं' असतात. मीही तेच लिहितो." आणि सहावीत तोही हसणाऱ्यांत होता!

याच घरातली दुसरी चूक म्हणजे जवळच्या शब्दाला भुलणे. "वन ऑफ द कॅडेट्स" नंतर "आर" लिहावेसे वाटते, कारण "कॅडेट्स" शेजारी आहे. पण कर्ता "वन" आहे, म्हणून "इज". क्रियापद लिहिण्याआधी मी कर्त्याखाली पेन्सिलने रेघ मारतो.

दुसरी चूक : एकच 'पासून'

मराठीत "सहावीपासून इथे आहे" आणि "चार वर्षांपासून इथे आहे" या दोन्ही वाक्यांत एकच "पासून". इंग्रजीत दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर "सिन्स" : सिन्स मंडे, सिन्स जून. किती काळ ते सांगायचे असेल तर "फॉर" : फॉर फोर इयर्स, फॉर टेन मिनिट्स.

शिवाय आपण म्हणतो "मी चार वर्षांपासून इथे राहतो". "राहतो" हा साधा वर्तमानकाळ. म्हणून मी लिहायचो, "आय लिव्ह हिअर सिन्स फोर इयर्स." बरोबर वाक्य असे : "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फोर इयर्स." मनात "पासून" आले की मी थांबतो आणि स्वतःला विचारतो, 'कधीपासून की किती काळ?' एवढ्या एका प्रश्नाने काळाची आणि शब्दाची दोन्ही चुका टळतात.

तिसरी चूक : 'ए' की 'ॲन'

नियम सगळ्यांना माहीत असतो : स्वर असेल तर "ॲन". पण इंग्रजीत अक्षर एक आणि उच्चार भलताच. इथे मला आपली देवनागरी उपयोगी पडली, कारण ती उच्चार दाखवते. शब्द मनात देवनागरीत लिहायचा. पहिले अक्षर अ, आ, इ, ए, ऑ असे स्वर असेल तर "ॲन", व्यंजन असेल तर "ए".

युनिफॉर्म : य, म्हणून ए युनिफॉर्म. अवर, म्हणजे तास : अ, म्हणून ॲन अवर. ऑनेस्ट : ऑ, म्हणून ॲन ऑनेस्ट मॅन. एनसीसी कॅडेट : ए, म्हणून ॲन एनसीसी कॅडेट. वन-वे रोड : व, म्हणून ए वन-वे रोड.

एक सावधगिरी. वर्षासाठीचा शब्द आपण "इयर" असा लिहितो, पण त्याचा खरा उच्चार "य" ने सुरू होतो. म्हणून "ए इयर", "ॲन इयर" नव्हे. हा एक शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

चौथी चूक : दुसऱ्याचा 'मी'

ही चूक मला सर्वांत अवघड गेली. मराठीत आपण सहज म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या येतो." यातला "मी" म्हणजे तो. ऐकणाऱ्याला ते कळते. मी त्याचे इंग्रजी केले, "ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो." इंग्रजीत याचा अर्थ झाला की येणार आहे तो मी, म्हणजे बोलणारा! बरोबर वाक्य : "ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे."

मी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली, हा "मी" कोणाचा ते बघायचे. दुसरी, काळ एक पाऊल मागे न्यायचा : विल चे वुड, कॅन चे कुड, इज चे वॉज. तिसरी, वेळ आणि जागा बदलायची : टुडे चे दॅट डे, टुमॉरो चे द नेक्स्ट डे, हिअर चे देअर.

प्रश्न असेल तर त्याचे साधे वाक्य होते आणि "डू" निघून जातो : "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड." हो किंवा नाही असे उत्तर येणारा प्रश्न असेल तर "इफ" लागतो. हुकूम असेल तर "टू" आणि "नॉट टू". हे आपल्याला परेड ग्राउंडवर रोज शिकता येते. ड्रिल उस्ताद ओरडले, "हलू नका!", की मी मनात म्हणतो, "ही ऑर्डर्ड अस नॉट टू मूव्ह." अर्थात हलायचे नाहीच.

रोज काय करतो

संध्याकाळच्या प्रेपमधली पहिली ४० मिनिटे इंग्रजीची. सोमवार ते शुक्रवार दहा मिनिटे वही, मग भाषांतर. भाषांतराची ही सवय आजोबांची. गावी त्यांच्या ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक जुना भाग आहे. पानापानावर मराठी वाक्ये, ती इंग्रजीत करायची. आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी असेच इंग्रजी शिकले. मी पाठ्यपुस्तकातला सात-आठ ओळींचा परिच्छेद घेतो आणि त्याचे मराठी करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो आणि मग मूळ परिच्छेदाशी ताडून बघतो. जिथे फरक दिसतो तिथे माझी कच्ची जागा.

शनिवारी घड्याळ लावून एक पत्र आणि एक परिच्छेद, प्रत्येकी सुमारे १२० शब्दांत. रविवारी वाचनालयात वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून मित्राला इंग्रजीतून सांगायची. तो माझ्या चुका बोटांवर मोजतो, मी त्याच्या. आता आम्ही दोघेही हसतो, पण थांबत नाही.

पेपरच्या तीन तासांची वाटणी मी अशी केली आहे : वाचन ४५ मिनिटे, व्याकरण २०, लेखन ३५, साहित्य ६५ आणि शेवटची १५ मिनिटे तपासणीला. तपासताना फक्त या चार चुका शोधायच्या. किट इन्स्पेक्शनच्या आधी आपण बूट, बेल्ट, बॅज एकेक करून बघतो, तसेच. सगळे एकदम बघायला गेलो तर काहीच दिसत नाही.

या पद्धतीने पहिल्या प्री-बोर्डला ८० पैकी ५७ गुण मिळाले. पत्रलेखन अजून कच्चे आहे.

एक राहिलेली गोष्ट

आठवीत पालकसभेला आई आली होती. बाबा सीमेवर होते. गावाहून एसटी आणि पुढे दोन रेल्वे बदलून ती एकटी आली. तेव्हाचे आमचे वर्गशिक्षक तिच्याशी इंग्रजीत बोलले. ते म्हणाले की मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, आणि असेच राहिले तर पुढे अवघड जाईल. आईने मला विचारले, "काय म्हणाले रे सर?"

मी सांगितले, "मुलगा चांगला आहे म्हणाले."

दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडून सांगताना काळ बदलतो, शब्द बदलतात, पण अर्थ बदलायचा नसतो. तो नियम मी तेव्हाच मोडला होता. हा धडा वहीत लिहिताना मला दर वेळी तेच आठवायचे. गेल्या महिन्यात, रविवारच्या फोनवर, मी आईला खरे काय ते सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सरांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं होतं. तू सांगशील कधीतरी म्हणून थांबले होते. आता अभ्यास कसा चाललाय ते सांग."

मी ५७ सांगितले. पत्राचे कच्चे आहे तेही सांगितले.

पुढच्या पालकसभेला ती येणार आहे. सर जे म्हणतील ते मी जसेच्या तसे मराठीत सांगणार आहे. कॅडेट मित्रांनो, तुमचीही अशी एक वही आजच सुरू करा. परीक्षेला अजून वेळ आहे.

जय हिंद!