मानधन की पगार, हे आधी विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की रिसोड, मानोरा, मंगरुळपीरकडचे पालक विचारतात, "पोरीला दिव्यांग मुलांसोबत काम करायची आवड आहे. पण त्यात पोट भरतं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. "सेवेत पैशाचं काय विचारता" असं मी त्यांना कधीच म्हणणार नाही.

हे काम जवळून पाहा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आंघोळीला न्यायचं तर उचलायला दोन माणसं लागतात. एकटीनं उचललं तर तिची कंबर तरी जाते, नाहीतर मूल हातातून निसटतं. भरवताना त्याला ताठ बसवायचं, पहिला घास गिळल्याची खात्री करायची, मगच दुसरा द्यायचा. घाई झाली की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. एका जेवणाला अर्धा तास सहज जातो. अशी दहा मुलं एकाच मदतनीस बाईच्या अंगावर टाकली, तर ती कितीही मायाळू असो, घाई करणारच. पुरेशी माणसं आणि ती टिकतील एवढा पगार, हा मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्याच वऱ्हाडात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वयाची अठरा वर्षं झाल्यावरही या मुलांचा आसरा सुटू नये, हे ते वर्षानुवर्षं सांगत आलेत. म्हणजे काळजी घेणाऱ्या माणसांची गरज जन्मभराची आहे. शंकरबाबांनी आयुष्य दिलं ते स्वतःच्या मर्जीनं. बावीस वर्षांच्या मुलीकडून एखाद्या संस्थेनं तेच गृहीत धरणं मात्र अन्याय आहे.

शिक्षणाची वाट सरळ आहे. बारावीनंतर विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा डी.एड. किंवा पदवीनंतर विशेष बी.एड. कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, ते पाहा आणि पुढे परिषदेकडे नोंदणी कराच; 1992 च्या कायद्यानं नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करणं गुन्हा ठरतं. 7 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची पदं निश्चित करायला राज्यांना सांगितलंय. त्यामुळे स्वयंसेवी संस्था हाच एक दरवाजा उरलेला नाही. काळजीवाहकांसाठीही प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. पण सगळ्यात जड काम त्यांचं आणि सगळ्यात कमी मोबदलाही त्यांनाच, हे मला फार खुपतं.

आता पालकांसाठी. "शाळेला अनुदान येणारच आहे, तोवर मानधनावर राहा," असं सांगून कुणी देणगी मागितली, तर सोयाबीनचं वावर विकू नका. पद मंजूर आहे का, नेमणुकीला सरकारची वैयक्तिक मान्यता मिळेल का, नेमणूक पत्रात रक्कम लिहिली आहे का, पगार बँकेत जमा होतो का, हे विचारा. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर साधारणपणे भविष्यनिर्वाह निधीही लागू होतो. शाळेच्या मान्यतेची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करता येते.

मुलाखतीला मुलीसोबत तुम्हीही जा. वसतिगृहात रात्री किती मुलांमागे किती माणसं असतात ते विचारा. "एक बाई असते" एवढंच उत्तर आलं, तर ती आजारी पडली की कोण येतं, तेही विचारा.