टेबलावर बोलणारा ईसीयू मेलेला नसतो

माझ्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाच नव्हता. डिचोलीच्या गॅरेजवाल्याने हे शेवटपर्यंत मानलं नाही, म्हणून लिहितोय.

भर पावसात पेडण्याला उभी केलेली गाडी सुरू होईना. चावी फिरवली तरी चेक इंजिनचा दिवा लागेना. डिचोलीला नेली, तर स्कॅनरवर यू०१००, म्हणजे ईसीयूशी संपर्क नाही. तेवढ्यावर त्याने निकाल दिला. "उंदीर फार झालेत, आधी वायरिंग बघा," मी पहिल्यापासून सांगत होतो. "स्कॅनर खोटं बोलतो का?" हे उत्तर.

ईसीयू काढून टेबलावर घेतला, १२ व्होल्टचा सप्लाय आणि कॅनच्या (डेटाच्या) दोन वायरी जोडल्या, आणि लॅपटॉपवर माझ्याच गाडीचा चेसिस नंबर उमटला. मी शेजारीच उभा होतो. गाडीत मुका झालेला ईसीयू इथे बोलत होता! म्हणजे दोष गाडीतच. तसं म्हटलं तर, "तुम्ही गाडी चालवा, हे आमच्यावर सोडा." आणि ईसीयूतली मूळ फाइल न वाचता त्याने दुसरीच चढवली. पैसे आधीच घेतले होते.

गाडी तशीच. टो करून पेडण्याला आणली. तिथल्या वायरमनने एकेक सेन्सरचा सॉकेट काढला, तरी दिवा लागेना. मग तो वायरींच्या मागे लागला. कुरतडलेली ५ व्होल्टची वायर बॉडीला टेकत होती. ती लाइन बऱ्याच सेन्सरांना मिळून असते, एका जागी शॉर्ट झाली की अख्खा ईसीयू गप्प होऊ शकतो. वायर जोडताच दिवा लागला, पण त्या दुसऱ्या फाइलमुळे आत आता परक्या गाडीचा इमोबिलायझर. माझी चावी ओळखेना. जुनी फाइल मागितली, तर गॅरेजवाल्याने फोन उचलणंच सोडलं. चावी जुळवण्याचा खर्च माझ्या माथी.

ईसीयूला हात लावण्याआधी बॅटरी, फ्यूज, मेन रिले आणि अर्थ तपासायला लावा. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या कॅन पिनांत ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत ६०च्या आसपास हवेत. टेबलावर ईसीयू वाचला गेला, तर लिहू देऊ नका. लिहायचंच असेल, तर फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरी पूर्ण वाचून प्रत तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या, गॅरेजवाल्याच्या लॅपटॉपवर नव्हे. लिहिताना सप्लाय तुटला तर चांगला ईसीयूही बंद पडू शकतो, आणि आपल्याकडे पावसात वीज कशी जाते हे सांगायला नको. माणूस ओळखीचा बघा. ईसीयूच्या लेबलचा फोटो आधीच काढा, बिलावर ईसीयूचा नंबर लिहून मागा. नाही म्हणाला तर गाडी तिथून उचला.