भरल्या सायकलीची तालीम

प्रिय भाचीबाईस,


अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत सायकलवर, रात्री तंबूत, असा तुम्हा तिघींचा बेत ताईकडून कळला. फार आनंद झाला. तू पाठवलेली सामानाची यादीही नीट वाचली. त्यात कमी काहीच नाही, जास्त मात्र बरंच आहे. पण तुझी आतापर्यंतची सगळी तयारी रिकाम्या सायकलीवरची आहे, तेवढ्याची मला काळजी वाटते.

तुझ्या वयाचा असताना मीही रोज सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारायचो आणि त्यालाच तयारी समजायचो. पिशव्या पहिल्यांदा बांधल्या त्या कोकणात निघायच्या आदल्या रात्री. दाभोळच्या उतारावर कॅरिअरचा एक बोल्ट हादऱ्यांनी सैल होऊन गळला, पिशवी चाकात गेली आणि तीन आरे तुटले. वेग कमी होता म्हणून हातपाय शाबूत राहिले. तेवढाच बोल्ट जवळ असता तर पाच मिनिटांचं काम होतं. माझा दीड दिवस गेला.

म्हणून निघण्याआधी दोनतीन आठवडे, सगळं सामान लादून, पानशेतला एक रात्र राहून ये. तंबू अंधारात उभारून बघ. स्टोव्हवर भात शिजवून बघ. दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी परत ये, कारण सहलीतला खरा दिवस दुसरा असतो. घरी आल्यावर ज्या वस्तूला हातही लागला नाही ती बाजूला काढ. औषधं, पंक्चरचं साहित्य आणि ब्रेकच्या तारा तेवढ्या वापरल्या नाहीत तरी राहू देत. सामान बारा किलोच्या आत आलं तर उत्तम.

रस्त्याचा स्वभावही आधी समजून घे. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं आपल्याला घाटावर वाटतं. तिथे मात्र खाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचं आणि सडा संपला की पुढच्या खाडीत उतरायचं, हे दिवसातून कितीदा तरी होतं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, एवढ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडाल. धोपाव्याला किंवा जयगडला बोटीतून उतरलीस की चढ समोर उभाच. तुझ्या सायकलीच्या पुढच्या सर्वांत लहान चक्राला जितके दाते आहेत, निदान तितके मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला हवेत. नसतील तर तंबूपेक्षा आधी त्यावर पैसे खर्च कर. उतारावर दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाब. भरलेली सायकल थांबायला किती जास्त अंतर घेते, हे तुला पानशेतच्या रस्त्यावरच कळेल. दिवसाला साठ किलोमीटरच्या वर आखू नका आणि पहाटे निघा. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. तुम्ही दक्षिणेकडे जाताय, त्यामुळे तो बहुतेक पाठीशीच राहील.

ट्यूबचे व्हॉल्व मोटारसायकलसारखे जाड असतील तर कुठल्याही गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल. बारीक व्हॉल्व असतील तर जोडणीची ती छोटी पितळी टोपी दोन ठिकाणी ठेव, एक पिशवीत आणि एक खिशात. कॅरिअरला लागतात तसले पाच मिलिमीटरचे चार बोल्ट जवळ असू देत आणि रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टला पाना लावून बघ. खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते. ती फडक्याने पुसायची, तेल सोडायचं आणि वरचं तेल पुन्हा पुसून घ्यायचं, नाहीतर वाळू चिकटते.

आता मुक्काम. पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसेल. तिच्या समुद्राकडच्या बाजूला तंबू कधीही ठोकू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं ते गावातल्या माणसाला विचारा. माडाखालीही नको, नारळ सांगून पडत नाही. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून ती जपली आहेत. उजेडाने पिल्लं वाट चुकतात. तिथे गावातल्या घरीच उतरा, पुळणीवर तंबू नको आणि टॉर्चही नको. इतरत्र एखाद्या घराच्या खळ्यात किंवा देवळाच्या आवारात तंबू लावायची परवानगी मागा. तिघी मुली आहात म्हणून हे सांगतोय असं समजू नकोस, मीही हेच करतो.

कोकणात फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत. कातळाच्या कपारींत हात घालू नका, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकूनच घाला. विंचू चावलाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि आयुष्यभर त्या कामासाठी झटले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. सर्पदंशालाही तोच नियम. पाय हलवायचा नाही, जखम चिरायची नाही, पहिलं वाहन थांबवायचं.

पैशांची चिंता करू नकोस. चक्र बदलायचा खर्च माझा, आणि तो मी आनंदाने करतोय. पानशेतहून आलीस की कोणत्या वस्तू घरी ठेवल्यास ते मला लगेच कळव.

तुझा,
मामा