रात्रीचे डॉक्टर ‘शिकाऊ’ असतात का?
“रात्री शिकाऊ डॉक्टरच असतात,” म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला सकाळपर्यंत घरी ठेवलेले आपण पाहतो. हे जिवावर बेतू शकते. केईएम, नायरसारख्या रुग्णालयांत हृदयरोग विभागात शिकणारा डॉक्टर कोण असतो, ते समजून घेऊ. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग ३ वर्षांचे एमडी, त्यानंतर नीट-एसएस परीक्षा देऊन तो ३ वर्षांच्या डीएम कार्डिऑलॉजीला येतो. म्हणजे शिकत असला तरी तो एमडी डॉक्टर असतो. इको, अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकतो. हृदयविकाराच्या झटक्यात उशीर होईल तितका हृदयाचा स्नायू मरतो. छातीवर दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर लगेच १०८ ला फोन करू. सकाळची वाट पाहायची नाही.