घशाचं माप

दुबलगुंडी, ता. हुमनाबाद, जि. बीदर

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. आजोबांची १९७८ सालची पद्मिनी भंगारात न घालता पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस की मूळचा सोलेक्स कार्बोरेटर काढून दोन घशांचा मोठा वेबर बसवावा असं पुण्यातले मित्र म्हणतात, आणि आगाऊ पैसे देण्याआधी तुला माझं मत हवंय. पैसे देऊ नकोस. कारण मात्र नीट समजून घे, म्हणजे उद्या तिसऱ्याने चौथंच काही सुचवलं तरी तुझं तुला ठरवता येईल.

आधी हिशेब. पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. गुणाकार केलास तर १०८९ सीसी येतात. हे माप फियाटने १९३७ साली ठरवलं आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ते शतकाच्या अखेरीपर्यंत चालवलं. ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास, तीही मिनिटाला सुमारे ४८०० फेऱ्या झाल्यावर. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा घेतं. म्हणजे ४८०० फेऱ्यांना २४०० वेळा एका लिटरहून थोडी जास्त हवा: मिनिटाला सुमारे २६०० लिटर. तेही सिलिंडर पूर्ण भरला तर. अशा जुन्या इंजिनात तो ऐंशी टक्के भरला तरी पुष्कळ झालं. उरले २१०० लिटर, अमेरिकन मापात ७४ घनफूट. तिकडच्या ५.७ लिटरच्या आठ सिलिंडरवाल्या गाड्यांना सहाशे घनफुटांचा कार्बोरेटर पुरतो, आणि तिथले जाणते मिस्त्रीही सांगतात की शंका असेल तर लहान घ्यावा. तुझं इंजिन त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान आहे.

आता मोठा घसा का नको ते ऐक. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. हवा ते ओढून नेते. मधल्या अरुंद जागेतून, म्हणजे व्हेंच्युरीतून, हवा जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब पडतो. त्या पडलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल मेन जेटमधून वर चढतं आणि हवेत बारीक तुषार होऊन मिसळतं. इटलीतल्या जोव्हान्नी व्हेंच्युरीने १७९७ साली पाण्यावर प्रयोग करून दाखवलेली गोष्ट हीच. शेतात पाइपाच्या तोंडावर अंगठा धरलास की धार लांब जाते, ते तू लहानपणापासून केलेलं आहेस. घसा मोठा केलास की हवेचा वेग मंदावतो, दाब पुरेसा पडत नाही, पेट्रोलचे तुषार न होता थेंब होतात. मग सिग्नलवरून निघताना गाडी खोकते, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर मरते आणि मग उसळते. चालवणाऱ्याला वाटतं पिकअप वाढला. खरं तर आधीचा गेलेला पिकअप परत आलेला असतो. वरच्या फेऱ्यांना दोन-चार घोडे मिळतीलही, पण स्टिअरिंगखालचा गिअर हलवत तू गाडी ४८०० फेऱ्यांपर्यंत किती वेळा नेणार? पुणे ते सोलापूर आणि पुढे उमरग्यावरून हुमनाबाद, हा सगळा प्रवास गाडी मधल्या फेऱ्यांवर करते. कार्बोरेटर त्या फेऱ्यांसाठी निवडायचा.

मित्रांवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. वेबरचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही घसे एकदम उघडतात. तो शर्यतीचा, त्याला कॅमशाफ्टपासून सायलेन्सरपर्यंत सगळं बदलावं लागतं. दुसऱ्यात पहिला घसा बराच उघडल्यावर दुसरा उघडतो, तो रस्त्यावर चालण्याजोगा असतो. पण तोही अडॅप्टर लावूनच बसणार, आणि इंजिनाच्या आतल्या हवेच्या वाटा आहेत तेवढ्याच राहणार. कुणी मारुती ८००चा कार्बोरेटर सुचवेल, ॲव्हरेज वाढतं म्हणून. तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरसाठी बेतलेला आहे. जेट बदलून, लिंकेज जुळवून तो चालवता येतो, पण ते काम जाणणारा मिस्त्री रोज हाताशी असेल तरच.

तरीही मला सगळ्यात जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुझ्या गाडीचा दोष कार्बोरेटरमध्येच आहे, हे तपासलं कोणी? पॉइंटचा गॅप, टायमिंग, टॅपेट आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन हे आधी पाहून घे. इग्निशनचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारून चांगले सोलेक्स फेकून दिलेले मी हुमनाबादच्या हायवेवर पुष्कळ पाहिले आहेत. मग इंजिन आयडलिंगला ठेवून थ्रॉटलच्या शाफ्टभोवती कार्ब-क्लीनरचा हलका फवारा मार. इंजिन मात्र फार तापलेलं नको, ठिणगीपासून जप. फेऱ्या बदलल्या तर शाफ्ट झिजून तिथून हवा शिरतेय. लेथवाल्याकडून बुश बसवून घेतलं की हा दोष जातो. कार्बोरेटरचा खालचा फ्लँज जाड काचेवर ठेवून बघ. बोल्ट आवळून आवळून तो वाकतो आणि मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग स्थिर होत नाही. फ्लोट गरम पाण्यात बुडव, बुडबुडे आले तर तो फुटका आहे. आणि जेटमध्ये तार कधीही घालू नकोस, कोणालाही घालू देऊ नकोस! सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेने दोन-तीन शतांश वाढलं की आकडा खोटा ठरतो, आणि पुढचा मिस्त्री त्या खोट्या आकड्यावर विसंबून गाडी लावतो. हवेच्या झोताने साफ कर, नाहीतर नवं जेट घाल.

एक बदल मात्र तुला करावाच लागेल, कारण पेट्रोलच बदललंय. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता ते सगळीकडे आहे. त्यातलं इथेनॉल आपल्या भागातल्यासारख्या उसापासूनही होतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण १९७८च्या गाडीला ते ठाऊक नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेट तेच ठेवलंस तर इंजिन उपाशी चालतं, प्लग पांढरे पडतात, चढावर मिसिंग येतं, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच तापतं. पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त जायला हवं. १२०च्या जागी १२५ घातलंस तर भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच वाढतं. आयडलचं जेटही त्याच बेताने पाहा. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्रॅम, सुईची सील नव्या जातीची घे. ते हवेतलं पाणीही शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेव. उंचीची चिंता नको. बीदरचं पठार सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्याने हवा पाच-सहा टक्के विरळ होते. तेवढ्यासाठी जेटला हात लावायचा नाही.

इकडे दुपारी ऊन चाळीस अंशांपुढे गेलं की गाडी थांबवल्यावर कार्बोरेटर तापतो, पेट्रोल उकळतं आणि पुन्हा स्टार्ट होत नाही. अशा वेळी चोक ओढायचा नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मार, पंप करू नकोस. इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधला बेकेलाइटचा जाड पॅकिंग कोणी पातळ कागदी गॅसकेटने बदललाय का तेही बघ, नेमका याच कामासाठी तो असतो.

दुसरा कार्बोरेटर घ्यायचाच झाला तर मूळ मापाचाच घे, आणि लवकर घे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. त्या हजारो टॅक्सींमुळे सुट्या भागांचा बाजार जिवंत होता. आता कुर्ल्याच्या भंगारात जे मिळेल ते पारखून घ्यावं लागतं. शाफ्ट हलवून बघ, फ्लँज बघ, जेटवरचे आकडे वाच. चकचकीत पॉलिश केलेल्या नगापेक्षा मळका पण न उघडलेला नग जास्त विश्वासाचा.

शिवाय तुझी गाडी २०२८ला पन्नास वर्षांची होईल. २०२१च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मूळ सोडून बदल केलेला चालत नाही. आजोबांच्या गाडीला तो मान मिळावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून निघालेला जुना सोलेक्स, तो दुरुस्त होवो न होवो, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेव.

दत्तजयंतीला माणिकनगरला माणिकप्रभूंच्या उत्सवाला येशीलच. थंडी असेल, चोक आणि आयडलिंग लावायला तोच काळ चांगला. ११५ ते १३०पर्यंतची जेटं बरोबर आण. निघण्याआधी चारही प्लग काढून त्यांचे फोटो पाठव, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते खाली लिहून.

तुझा,
मामा