जुनी जीप : आधी निगा, मग बदल

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावरील फरीदकोट हाऊस येथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. २०१५ साली त्याने राजधानी परिसरात १० वर्षांहून जुनी डिझेल वाहने चालविण्यास मनाई केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पुढे या निर्बंधांत फेरफार झाले. म्हणून जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप डोंगरवाटांसाठी सज्ज करू इच्छिणाऱ्याने प्रथम नोंदणीपत्राची मुदत व लागू नियम तपासावेत. अन्यथा केलेला खर्च वाया जातो.

त्यानंतर यंत्राची निगा. ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियल व ट्रान्स्फर केसमधील तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले असे समजून बदलावे. गंजलेली चासी, झिजलेले ब्रेक व सैल स्टिअरिंग दुरुस्त झाल्याखेरीज मोठे टायर बसवू नयेत. टायरचा व्यास वाढला की ब्रेकवरील ताण वाढतो आणि वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडकाठी करते. त्यामुळे कोणत्याही बदलापूर्वी परिवहन कार्यालय, विमा कंपनी आणि कर्ज असल्यास बँक यांना कळवावे. न कळविलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.

आधी कागदपत्रे, मग यंत्र आणि शेवटी हौस, हा क्रम पाळल्यास बचत सत्कारणी लागते.